कारेगावच्या ढोलवालीची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे; पण पीठ दळणारी नाही आणि कपडे शिवणारीही नाही. माझ्यातून काही बाहेर पडत नाही. मी खेळाची मशीन, फक्त वाजवून घेते. माझ्या पुढ्यात दोन ढोल आहेत, वर एक काचेचा पडदा आहे आणि पोटात परदेशी गाणी आहेत. दौंडच्या स्टेशनाजवळ एका बंद गाळ्यात मी उभी आहे. शटरच्या फटीतून थोडं ऊन येतं, तेवढ्यात मला माझ्यावरची धूळ दिसते. इथं मला कोणी काही विचारत नाही, म्हणून मीच सांगते. जे सांगायचं आहे ते माझ्या अंगावरच घडलं, आणि तेव्हा एवढे मोठे दोन स्पीकर असूनही मला एक शब्द बोलता आला नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. साल दोन हजारच्या आसपासचं असेल. कारागिरांनी मला कमरेएवढे उंच दोन ढोल दिले. ढोलांवर जाड रबराचं कातडं ताणलं आणि कातड्याखाली एकेक पातळ चकती बसवली. त्या चकत्या म्हणजे माझे कान. हाताची थाप पडली की मला तिथं कळतं. माझी गाणी मात्र त्या कारखान्याच्या गावची नव्हती. ती आणखी लांबच्या बेटांवरची होती. तिथंही म्हणे भीमेकाठासारखा ऊस पिकतो आणि ऊस तोडणारी माणसं संध्याकाळी ढोल वाजवून नाचतात. त्याला लॅटिन संगीत म्हणतात.

खेळ सोपा होता. पडद्यावर वरून रंगीत गोळे खाली येत. लाल गोळा रेघेवर आला की डावा ढोल वाजवायचा, पिवळा आला की उजवा. वेळ साधली की पडद्यावरचा पोपट नाचे. वेळ चुकली की तो डोळे मिटून पेंगायला लागे. गोम एवढीच, की त्या गाण्यांचा ठेका सरळ चालत नाही. थाप पडेल असं वाटतं तिथं तो गप्प बसतो, आणि तुम्ही श्वास घेता तेवढ्यात येऊन पडतो. घाई करणाऱ्याला तो कधीच सापडत नाही.

आधी मी पुण्यात एका मोठ्या दुकानात होते. तिथं थंड हवा होती, वाढदिवसाच्या टोप्या घातलेली मुलं होती. ती माझ्याभोवती उड्या मारायची, त्यांच्या आया फोटो काढायच्या. मला वाटलं, हे असंच चालणार. मग बंदुकांच्या खेळाची मशीन आली, मोटारींच्या खेळाची आली. मला कोपऱ्यात सरकवलं आणि एक दिवस माझी वायर काढली. एवढंच. कोणी निरोपसुद्धा घेतला नाही.

तिथून मला रोहिदास घेऊन आले. ते मूळचे मांडवगण फराट्याचे. घरची बागायत, भाजीपाला आणि फुलं. रांजणगावला कारखाने वाढले तसं त्यांनी कारेगावला रस्त्याकडेला एक गार्डन हॉटेल काढलं. झेंडूच्या क्रेटांमध्ये उभी राहून मी टेम्पोतून आले. त्यांच्या बायकोनं, सुवर्णाताईनं, माझ्या कपाळाला हळदीकुंकू लावलं. रोहिदासांनी नारळ फोडला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आता ही आपल्या घरची. हिला कवा अंतर द्यायचं न्हाई."

मित्रांनो, मशीनला असं कोणी म्हटलं की ती विश्वास ठेवते. तिला दुसरं काय येतं?

कारेगावात माझं नाव पडलं 'ढोलवाली'. शिफ्ट सुटली की कामगार यायचे. कोणी बीडचा, कोणी बिहारचा, कोणी ओडिशाचा. चहा येईपर्यंत माझ्यावर हात साफ करून घ्यायचे.

"अरे भैया, धीरे! ढोल है, तेरा सुपरवायजर नहीं है!" असं कोणीतरी ओरडायचं आणि सगळे हसायचे. मला त्यांचा राग येत नसे. दिवसभर दुसऱ्याच्या मशीनपुढं उभं राहून दमलेले हात होते ते. पण पोपट मात्र सारखा पेंगलेलाच असायचा.

सुवर्णाताईची मुलगी तेव्हा तान्ही होती. ताई तिला दुपट्यात गुंडाळून माझ्या मागच्या बाजूला निजवायची. माझी पाठ कोमट असते ना, आणि गाण्याचा घुमारा तिथं हळू हळू लागतो. रडणारं बाळ तिथं टेकवलं की गप्प व्हायचं. मला फार बरं वाटायचं तेव्हा.

हॉटेलात भाकऱ्या थापायला बानूबाई यायच्या. त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी यायची, धनश्री. सहावीत होती. त्यांचं घर धनगराचं. मेंढरं मागच्या पिढीतच विकली होती, पण धनश्रीच्या आजोबांचा, रखमाजींचा ढोल अजून घरात होता. बिरोबाच्या जत्रेला गजीचा खेळ होतो. पुरुष हातात रुमाल घेऊन गोल नाचतात आणि मध्ये ढोल घुमतो. त्या ढोलाचा मान रखमाजींचा. घरातल्या मुलीबाळींनी त्याला हात लावायचा नाही, अशी रीत होती.

म्हणून धनश्री पिठाच्या डब्यावर वाजवायची. स्वयंपाकघरातून तो आवाज मला रोज ऐकू यायचा. एकदा दुपारी हॉटेल रिकामं होतं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आधी हात परकराला पुसले. मग डाव्या ढोलावर तळवा नुसता ठेवला, तान्ह्या बाळाच्या छातीवर ठेवावा तसा. रोहिदासांनी गल्ल्यावरून पाहिलं आणि हसून मला चालू केलं.

"वाजीव. बघू तरी, भाकरीवालीच्या लेकीला काय येतंय."

तिनं पहिल्या गाण्यात दोन-चार थापा चुकवल्या. दुसऱ्या गाण्यात तिला ठेक्यातली ती रिकामी जागा सापडली. तिथं ती थांबली. अगदी हनुवटी वर करून थांबली, आणि मग उजव्या ढोलावर थाप दिली. पोपट नाचायला लागला तो गाणं संपेपर्यंत नाचतच राहिला. बाकीचे लोक मला बडवायचे, मित्रांनो. ती मला वाजवायची. तिचे तळवे लहान होते आणि त्यांना पिठाचा वास यायचा.

मग रोजचंच झालं. ती वाजवायला लागली की कामगार चहाचे कप घेऊन भोवती उभे राहायचे. पाहता पाहता दुसरा चहा मागवायचे, भजी मागवायचे. रोहिदासांच्या ते लक्षात आलं. एकदा सगळ्यांसमोर ते म्हणाले, "धने, ही मशीन तुझीच समज. जवर हाटेल हाय तवर तुला कुणी आडवणार न्हाई. मामाचा शबूद हाय."

"खरंच व्हय मामा?"

"मामा कवा खोटं बोलतोय का?"

एकदा रखमाजी सुनेला निरोप द्यायला आले. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. धनश्री वाजवत होती, तिचं लक्ष नव्हतं. म्हातारा दारातच थबकला. गाणं संपलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा तिनं मागं वळून पाहिलं आणि तिचे हात एकदम पाठीमागं गेले.

"कुनी शिकिवलं?" रखमाजींनी विचारलं.

"कुणी न्हाई आबा. तुमचं ऐकून ऐकून."

बानूबाई पिठाच्या हातानंच बाहेर आल्या. "मामंजी, खेळ हाय ह्यो नुसता. ढोलाला न्हाई लावला हात तिनं."

"मी काय इचारतोय, तू काय सांगतीस?" रखमाजी जवळ आले. त्यांनी माझ्या ढोलावर बोटांनी टकटक केलं, रबर पाहून तोंड वाकडं केलं. मग नातीला म्हणाले, "ह्या डब्यावर चार माणसांत कुनीबी वाजवील. दसऱ्याला समदं गाव सोनं द्यायला भायेर पडतंय. त्या दिशी हितं वाजीव. गर्दीत हात डगमगला न्हाई, तर औंदा जत्रंला गजीचा ढोल तुझ्या गळ्यात घालीन."

"आन् लोक?" बानूबाईंनी घाबरून विचारलं.

"लोकान्ला मी बघतो. तिनं हाताला बघावं."

 दुसऱ्या दिवसापासून धनश्री शाळेतून आली की दप्तर न उतरवताच माझ्याकडं यायची. माझ्या गाण्यांत पोपटावरचं एक गाणं होतं, ते सगळ्यात अवघड. तिनं तेच धरलं. रोहिदासांनी बाहेर फळ्यावर खडूनं लिहिलं, 'दसऱ्याला संध्याकाळी धनश्रीचा ढोल. सर्वांनी यावे.'

खंडेनवमीचा दिवस आला. त्या दिवशी हत्यारांना सुट्टी असते, हे तुम्हाला माहीत असेल. कोयता, नांगर, शिवणयंत्र, कारखान्यातली अवाढव्य मशीनं, सगळ्यांना धुऊन पुसून हळदीकुंकू लावतात. हॉटेलात मिक्सरची पूजा झाली, फ्रिजची झाली, माझीही झाली. तोवर सगळं छान होतं.

संध्याकाळी मांडवगणहून झेंडू आला. दसऱ्याच्या विक्रीचा माल. बायकांनी बसून हार केले. आता फुलं सकाळपर्यंत टवटवीत राहायची तर त्यांच्यावर पाणी मारायचं आणि वर ओलं गोणपाट टाकायचं, ही रोहिदासांच्या घरची पिढ्यांची रीत. पण हार जमिनीवर ठेवले तर पायाखाली येणार. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं, आणि माझे दोन ढोल त्यांना दिसले. सपाट, रुंद, कमरेएवढे उंच. उजव्या ढोलावर त्यांनी हारांचा ढीग रचला. बादलीत हात बुडवून चांगलं सडसडून पाणी मारलं. गोणपाटाचं पाणी कडेनं टपकायला लागलं.

धनश्री आईबरोबर घरी निघाली होती. ती परत आली.

"मामा, पाणी आत जाईल की."

"अगं, देवाची फुलं हायेत ही. देवाच्या फुलानं कवा काय बिघडतंय व्हय?"

"पण मामा, उद्या माझं..."

"उद्या तुझंच हाय बाई समदं. जा घरला. लई काळजी करती ही बया, हिलाच हाटेलाची मालकीण करा!" सगळे हसले. सुवर्णाताईसुद्धा हसली. तीही तिथंच होती, कडेवर लेक घेऊन. तिनं हे सगळं ऐकलं होतं.

रात्रभर पाणी कातड्याच्या कडेनं झिरपत राहिलं. सकाळी हार बाजारात गेले आणि माझा उजवा कान बहिरा झाला होता.

दसऱ्याच्या संध्याकाळी हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक एकमेकांना आपट्याची पानं देत होते, पाया पडत होते. रखमाजी पुढच्या खुर्चीत बसले. धनश्रीनं नवा फ्रॉक घातला होता, वेण्यांना लाल रिबिनी होत्या. तिनं आबांच्या पायाला हात लावला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

पोपटाचं गाणं सुरू झालं. लाल गोळा आला, डावा ढोल घुमला. पिवळा गोळा आला. तिनं अगदी वेळेवर थाप दिली. मला काहीच कळलं नाही. ऐकू आलीच नाही तर मी काय करू? पिवळा गोळा तसाच खाली निघून गेला. मग दुसरा. मग तिसरा. ती एकही थाप चुकली नव्हती, मित्रांनो. मला तिचा हात दिसत होता. पण पडद्यावर पोपट पेंगायला लागला, आणि लोकांनी पडदा पाहिला, हात कोणी पाहिला नाही.

मागून कोणीतरी म्हणालं, "काय ओ, ह्येच दाखवाया बोलावलं व्हय?"

रोहिदास पुढं आले. त्यांनी उजव्या ढोलावर हात मारून पाहिला. वाकून पाहिलं. कडेला बोट लावलं, तर बोट ओलं झालं आणि पिवळी पाकळी चिकटून आली. मी त्यांचा चेहरा पाहिला. त्यांना सगळं कळलं. अगदी सगळं. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, कड झटकन पुसली, आणि लोकांकडं तोंड करून म्हणाले,

"फोडली! बडवून बडवून फोडली पोरीनं. एवढी भारी मशीन. लहान पोरांच्या हातात द्यायचीच नव्हती मी."

क्षणभर धनश्रीला समजलंच नाही की हे तिच्याबद्दल आहे. मग ती म्हणाली, "मामा, काल तुम्हीच हार ठिवले. ओले. मी म्हटलं व्हतं तुम्हाला."

"ऐका! आता फुलान्नी ढोल फोडला!" रोहिदास मोठ्यानं हसले. लोकही हसले. सणाचा दिवस, लोक हसायलाच आले होते.

धनश्रीनं सुवर्णाताईकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. सुवर्णाताईनं लेकीचं टोपडं नीट केलं, पुन्हा नीट केलं, आणि आत निघून गेली.

रखमाजी उठले. त्यांनी रोहिदासांना हात जोडले. "पाव्हणं, पोराची जात. माफी असावी." मग नातीकडं वळले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "हाताला सबुरी न्हाई ती न्हाई, वर थोरल्याचं नाव घेतीस?"

"आबा, खरंच वं, मी न्हाई..."

"बास. ढोलाचं पुन्यांदा नाव काढायचं न्हाई."

ती रडली नाही. तिनं जाताना माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. रोहिदासांनी तिला दगा दिला हे तिला ठाऊक होतं. पण त्या घटकेला तिला वाटलं असणार, की मीही दिला. जिच्यावर एवढा जीव लावला तीसुद्धा ऐन वेळी गप्प बसली.

दुसऱ्या दिवसापासून बानूबाई कामाला आल्या नाहीत. धनश्री शाळेला त्याच रस्त्यानं जायची, पण पलीकडच्या कडेनं. पूर्वी चालताना तिची बोटं दप्तरावर ठेका धरायची. आता दोन्ही हात दप्तराच्या पट्ट्यांना घट्ट धरलेले असायचे. जत्रेच्या दिवसांत लांबून गजीचा ढोल ऐकू आला. आबांचा होता. त्यात तो जिथं थांबायचा, तिथं मला तिची हनुवटी आठवायची.

मग मला मागच्या खोलीत ठेवलं, रिकाम्या क्रेटांबरोबर आणि कांद्याच्या पोत्यांबरोबर. हिवाळा गेला. उन्हाळ्यात पत्रा असा तापला की माझ्या अंगातलं थेंब न् थेंब पाणी उडून गेलं.

मे महिन्यात दौंडचे मारुतराव आले. त्यांना स्टेशनाजवळ गेम सेंटर काढायचं होतं. रोहिदासांनी मला भिंतीपासून ओढलं, वायर लावली, आणि उजव्या ढोलावर उगाच, आशा नसल्यासारखी एक थाप मारली.

ढोल घुमला. स्वच्छ, खणखणीत घुमला. पोपटानं डोळे उघडले.

 सुवर्णाताई दारात उभी होती. तिची लेक आता चालायला लागली होती. ती दुडुदुडु आली आणि माझ्या ढोलाच्या बुडाशी हात आपटायला लागली.

सुवर्णाताई हळूच म्हणाली, "अवं, हा तर चालू हाय. म्हंजी त्या पोरीनं न्हाई..."

"गप. गिऱ्हाईक हाय."

"बानूबाईकडं जाऊन येऊ का मी? एवढं सांगून येते. लई लागलं वं त्या लेकराला."

"आता कशाला? आता सांगितलं तर आपलीच शोभा व्हईल. लोक इसारलं समदं." मग रोहिदास मारुतरावांकडं वळले आणि गोड आवाजात म्हणाले, "एकदम चालू माल हाय बघा. आजपातूर कवा बिघडली न्हाई."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता. आणल्या दिवशी ठेवला होता तसाच. मित्रांनो, पाण्यानं मला जेवढं बिघडवलं नाही तेवढं त्या वाक्यानं बिघडवलं. पाणी वाळलं. हे वाळत नाही.

सुवर्णाताई गेली का कधी बानूबाईंकडं? मला माहीत नाही. त्याच दिवशी मला टेम्पोत चढवलं आणि वर ताडपत्री बांधली. बाहेर काय होतं ते मला दिसलं नाही.

दौंडला मी काही वर्षं वाजले. रेल्वे कॉलनीतली मुलं यायची, हसायची, वाईट नव्हती. मग मुलांच्या हातात मोबाईल आले आणि मारुतरावांनी शटर ओढलं. याचं मला फार दुःख नाही. जुनं झालं की बाजूला व्हावं लागतं, ते मी पुण्यातच शिकले.

पण तुमच्याकडं एक मागणं आहे. वस्तू बिघडली की आधी वस्तूजवळ जा, तिला उघडा, ती ओली आहे का, तिच्यात काय शिरलंय ते पाहा. लगेच जवळच्या सगळ्यात लहान माणसाकडं बोट करू नका. आणि चूक तुमची निघाली तर ती मोठ्यानं सांगा, जेवढ्या मोठ्यानं दुसऱ्याचं नाव घेतलं होतं तेवढ्याच.

आणि तुमच्यापैकी कोणी कारेगावच्या बाजूला जाणार असेल, तर रखमाजी आबांचं घर विचारा. ते आता फार थकले असतील. त्यांच्या जवळ बसा, जरा मोठ्यानं बोला, आणि सांगा की ढोल फुटला नव्हता, ओला झाला होता. त्या दिवशी तुमच्या नातीचा हात एकदाही डगमगला नाही. हे धनश्रीला नाही सांगितलं तरी चालेल. तिला ते माहीतच आहे.